जयंती नाल्याकाठचं वाचनालय: प्रकल्प नोंदी

९ ऑक्टोबर २०२३

जागा कोल्हापुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या आवारातली, मागचं कुंपण जयंती नाल्याच्या उताराला लागून. मागणी अशी: सगळ्यांसाठी खुलं वाचनालय, स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आणि पेठेतल्या लोकांना वापरता येईल असा दीडशे माणसांचा हॉल, तिन्ही एका इमारतीत.

कागद उघडण्याआधी पुराची खूण शोधली. शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतींवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेघा अजून दिसतात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. या जागेवर पाणी नदीकडून सरळ चालून येत नाही. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो आणि गटारांच्या तोंडांतून उलटा वर येतो. म्हणजे नाल्याच्या बाजूने भिंत बांधली तरी चेंबरमधून पाणी आवारात येणारच. पुस्तकांच्या इमारतीसाठी ही पहिली अट. बाकीचं डिझाइन तिच्यामागून.

३० ऑक्टोबर २०२३

लाल पूररेषेची (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची) पातळी जागेवर उतरवून घेतली. सरासरी जमिनीपासून ती १.९ मीटरवर येते. तिच्यावर ४५० मिमी सोडले की २.३५ मीटर. त्या पातळीला वाचनालयाची फरशी ठेवली असती तर खाली ६०० मिमीच्या बीमनंतर पावणेदोन मीटरची पोकळी राहिली असती. तिथे माणूस ताठ उभा राहत नाही आणि अशी जागा वर्षभरात अडगळीने भरते. म्हणून फरशी +३.० मीटरवर नेली. बीमखाली २.४ मीटर मिळतात, दुचाकी लागतात, सावलीतला कट्टा होतो.

खालच्या मोकळ्या मजल्यावर काय नको ते आधीच लिहून ठेवलं: पुस्तक, कपाट, वीजमीटर, जनरेटर, पंपाचा स्टार्टर. वीजमीटर खाली हाताशी हवेत असा आग्रह असतोच. जिन्यालगत +३.० वर बाहेरून उघडणारं मीटरघर दिलं की तो प्रश्न मिटतो. लिफ्टची मशीन आणि कंट्रोलर सगळ्यात वर. पुराचा इशारा आला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची.

नुसत्या लिफ्टवर भिस्त ठेवायची नाही. ३ मीटर चढायला १:१२ ने ३६ मीटर रॅम्प लागतो. दर ७५० मिमी चढानंतर सपाट टप्पा हवा, म्हणजे ९ मीटरच्या चार धावा आणि दीड मीटरचे तीन टप्पे, एकूण ४०.५ मीटर. नागमोडी घातला की १२ × ७ मीटरमध्ये बसतो. एवढी जागा रॅम्पला कशाला, हा प्रश्न बैठकीत आला. व्हीलचेअरसाठी तो लागतोच. त्याशिवाय पुस्तकांची ट्रॉली वीज नसतानाही याच रस्त्याने वर-खाली होणार आहे.

१८ नोव्हेंबर २०२३

माती परीक्षणाचे चार खड्डे. वर १.६ मीटर काळी माती, खाली ०.९ मीटर मुरूम, मग मऊ खडक. फूटिंग (कॉलमचा पाया) २.७ मीटरवर, खडकात २०० मिमी शिरून.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. फूटिंग खडकावर असलं तरी तिचा त्रास दोन ठिकाणी होतो. एक, खोदलेलीच माती परत भरली तर ती प्लिंथ बीमला (जोत्याच्या बीमला) खालून उचलते. म्हणून भराई फक्त मुरमाची, २०० मिमीचे थर, प्रत्येक थर पाणी मारून दाबलेला. दोन, पार्किंगची फरशी. तिथे काँक्रीट ओतलं तर दोन पावसाळ्यांत तडकेल. काळी माती ४५० मिमी काढून मुरूम भरायचा आणि वर पेव्हर ब्लॉक. पूर ओसरल्यावर ब्लॉक उचलून परत बसवता येतात, हा आणखी एक फायदा.

११ डिसेंबर २०२३

खोल्यांची यादी करताना चौरस फुटांआधी घड्याळ मांडलं. पेपर वाचणारी ज्येष्ठ मंडळी सकाळी सातला दारात. मुलं शाळा सुटल्यावर. देवघेव ठरलेल्या वेळेत. हॉल संध्याकाळी आणि रविवारी. अभ्यासिका पहाटेपासून रात्री अकरापर्यंत. एकाच दारातून हे सगळं चालवायचं म्हटलं तर रात्री अकरापर्यंत पुस्तकांच्या दालनाला राखणदार लागतो, आणि तेवढा पगार कोणतंही वाचनालय देत नाही. मग अभ्यासिका आठला बंद होते. गावोगाव हेच दिसतं आणि दोष कर्मचाऱ्यांना दिला जातो. खरी चूक नकाशात असते.

म्हणून कुलपांचा नकाशा वेगळा काढला. पूर्वेच्या जिन्याने फक्त वाचनालय. पश्चिमेच्या जिन्याने थेट दुसरा मजला: अभ्यासिका, डबा खायची खोली, हॉल, आणि त्यांची स्वच्छतागृहं. दोन्ही मजल्यांच्या मध्ये कुलपं चार, त्यांतलं आगीच्या वेळी लागणारं दार आतून नुसत्या दांडीने उघडणारं. पेपरवाचनाचं दालन प्रवेशाला लागून. त्याचं शटर सकाळी एकट्याने उघडता येतं, मागचं पुस्तकांचं दालन बंद राहूनही.

डब्याची खोली कागदावरून दोनदा खोडली गेली, दोनदा परत घातली. ती नसली तर डबा टेबलावर उघडतो, खरकटं ड्रॉवरमध्ये राहतं, मुंग्या येतात, मागोमाग झुरळं. झुरळ पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरची खळ खातं. ती खोली पुस्तकांच्या रक्षणासाठीच आहे.

५ जानेवारी २०२४

कॉलमचं अंतर रॅकवरून ठरवलं. रॅकचा एक खण ९०० मिमी. दुहेरी रॅकच्या दोन ओळींच्या मध्यापासून मध्यापर्यंत १.५ मीटर ठेवायची पद्धत आहे; बंद भांडाराला ते चालतं. इथे वाचक स्वतः पुस्तक काढणार, वाकणार, मागून दुसरा जाणार, व्हीलचेअरही फिरणार. म्हणून १.८ मीटर घेतले. रॅकची जाडी वजा जाता सव्वा मीटरहून थोडी जास्त वाट उरते.

१.८ च्या चार ओळी म्हणजे ७.२ मीटर, ९०० चे आठ खणही ७.२ मीटर. ग्रिड ७.२ × ७.२, तीन बाय पाच चौकटी, इमारत २१.६ × ३६ मीटर. ३६ मीटर मुद्दाम: ४५ मीटरच्या पुढे गेलो असतो तर एक्स्पान्शन जॉइंट (इमारत उन्हात फुगायला सोडलेली फट) द्यावा लागला असता, आणि गच्चीवरचा जॉइंट आज ना उद्या गळतो.

एका चौकटीत चार ओळी, प्रत्येक ओळीत सहा खण, उरलेल्या १.८ मीटरमध्ये कॉलम आणि आडवी वाट. चौकटीला २४ दुहेरी खण. सहा चौकटी पुस्तकांना दिल्या, म्हणजे १४४ खण. एका खणात दोन्ही बाजू मिळून १२ फळ्या, फळीवर २५ पुस्तकं: ३००. पण फळी कधी पूर्ण भरायची नसते. नवं पुस्तक आपल्या विषयक्रमांकाच्या जागीच बसायला हवं, शेवटी नाही. पाऊण भरली असं धरून २२५ प्रमाणे ३२,४०० पुस्तकं. संग्रह आज ३० हजारांच्या आत आहे.

पहिल्या मजल्याच्या उरलेल्या नऊ चौकटी: पेपर-मासिकांना ३, मुलांना २, प्रवेश आणि देवघेवीला २, नोंदणी-बांधणीला १, आणि १ चौकट कोल्हापूर दालनाला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला पहिला. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचं. अशा गावात जुन्या घरांतून पोथ्या, सनदा, बांधीव वर्तमानपत्रं येत राहणार. ती खुल्या रॅकवर ठेवता येत नाहीत.

२३ जानेवारी २०२४

स्ट्रक्चरल इंजिनिअरांबरोबर भारांची बैठक.

आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे पुस्तकांच्या दालनाला २.२ मीटर उंचीपर्यंत प्रति चौ.मी. ६ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ६१२ किलो. पुस्तकांचा वेगळा साठा असलेल्या वाचनकक्षाला ३, साठा नसेल तर ४. हलत्या खुर्च्यांच्या हॉलला ५. आमचा हिशोब पडताळून पाहिला: जाडजूड ग्रंथांनी गच्च भरलेली फळी ४२ किलो, १२ फळ्यांचे ५०४, रॅकचं वजन ६० धरून ५६४ किलो. ते ०.९ × १.८ मीटरवर पसरलं की चौरस मीटरला साडेतीनशे. ६१२ च्या आत आरामात. आडव्या थप्पीत ठेवलेल्या बांधीव वर्तमानपत्रांना मात्र हा हिशोब लागू नाही, त्यांचं वजन फार दाटतं. कोल्हापूर दालनाचा स्लॅब १० किलोन्यूटनला घेतला; पुढे कधी रुळांवरची सरकती कपाटं आली तरी तिथेच येतील, दुसरीकडे नाही.

मोठी चर्चा भूकंपाची. भूकंपाच्या मानकात, आयएस १८९३ (२०१६) मध्ये, कोल्हापूर झोन ३ मध्ये येतं. खाली भिंती नसलेला पार्किंगचा मजला, वर पुस्तकांचं वजन: खालचा मजला लवचीक, वरचे ताठ, आणि हादऱ्याची सगळी वाकण खालच्या कॉलमांत. उपाय म्हणून लिफ्टभोवती आणि दोन्ही जिन्यांभोवती पायापासून वरपर्यंत २०० मिमी आरसीसी भिंती, पूर्व-पश्चिम टोकांना विभागलेल्या. सगळ्या एकाच टोकाला ठेवल्या असत्या तर इमारत पिळली असती. भूकंपाच्या वजनात ३ किलोन्यूटनच्या वरच्या चल भाराचा (माणसं, सामान यांच्या वजनाचा) निम्मा भाग धरतात. पुस्तकं मात्र रात्रंदिवस तिथेच असतात. त्या सहा चौकटींसाठी पूर्ण भार धरायला सांगितलं. कॉलमची सळई थोडी वाढली, ती मान्य.

१४ फेब्रुवारी २०२४

पाण्याचा नकाशा. नियम एकच लिहिला: पुस्तकांच्या आणि कोल्हापूर दालनाच्या वर, पहिल्या कच्च्या आराखड्यापासून शेवटच्या नळापर्यंत, पाण्याची कोणतीही वस्तू येणार नाही.

– स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, डब्याच्या खोलीचं बेसिन, वरची टाकी, सगळं पश्चिमेच्या वेगळ्या बुरुजात. मुख्य इमारतीशी फक्त दीड मीटरचा पूल. बुरुजाची फरशी पुलापेक्षा २० मिमी खाली.
– दुसऱ्या मजल्यावरची उघडी गच्ची पेपरच्या दालनावर. दक्षिणेला, पुस्तकांच्या वर, छान दिसली असती, नाकारली.
– एसीचं थेंब-थेंब पाणी वाहून नेणारा पाइप भिंतीत गाडायचा नाही, बाहेरून उघडा, उतारासकट.
– पावसाचे पाइप सगळे बाहेरून. कॉलमच्या आत लपवलेला पाइप चोंदला की पाणी दालनात येतं आणि दुरुस्तीला कॉलम फोडता येत नाही.

मुख्य गच्ची १३ चौकटींची, ६७४ चौ.मी. ताशी १०० मिमी पाऊस धरला तर १०० मिमीचा एक पाइप सुमारे ८५ चौ.मी. सांभाळतो. आठ पुरतात, दहा दिले, कारण पिंपळाचं पान एका तोंडावर बसलं की तो पाइप गेलाच. प्रत्येक बाजूला कठड्यातून १०० मिमी उंचीवर एक मोकळं तोंडही: सगळे पाइप तुंबले तर पाणी बाहेर कोसळताना दिसावं, गच्चीवर साठू नये.

खालच्या मजल्यावर प्रत्येक गटाराच्या शेवटी उलटं न येऊ देणारी झडप, चेंबरांना रबर लावलेली बंद झाकणं.

७ मार्च २०२४

ऊन. कोल्हापूर १६.७ अक्षांशावर, म्हणून ‘उत्तरेची खिडकी म्हणजे ऊन नाही’ हे इथे खरं नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि २१ जूनला मावळतो तो पश्चिमेच्या साडेचोवीस अंश उत्तरेला. त्या तिरक्या उन्हाला आडवा छज्जा अडवत नाही, उभ्या पट्ट्या लागतात. ९०० मिमी अंतराला किमान ४१० मिमी खोली, ४५० दिली.

दक्षिणेला दीड मीटर उंच खिडकीवर ७५० मिमी छज्जा. यात साधारण २० फेब्रुवारी ते २० ऑक्टोबर दुपारचं ऊन काचेवर पडत नाही, म्हणजे ऑक्टोबर हीटचा मोठा भाग टळतो. थंडीत ऊन थोडं आत येईल, पण वाटेपर्यंतच: रॅक खिडकीला काटकोनात आणि पहिला खण भिंतीपासून ९०० मिमी दूर. ऊन पुठ्ठ्याच्या कण्यावर पडलं तर लाल रंग सर्वांत आधी उडतो.

पश्चिमेला बुरुज आणि जिना, तेवढंच. पूर्वेला जांभ्याच्या जाळीची भिंत. बाहेरच्या जोत्याला काळा दगड. जांभा पुराच्या पाण्यात भिजत ठेवायचा दगड नाही, म्हणून तो +३.० च्या वरच.

२ मे २०२४

वाळवीची फवारणी. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, लिटरला २.१ मिली. फूटिंगच्या खड्ड्यांच्या तळाला आणि बाजूंना चौ.मी.ला ५ लिटर. वळवाचा पाऊस पडून गेला होता. ओल्या जमिनीत औषध मुरत नाही, वाहून जातं. दोन दिवस थांबवलं.

मोकळ्या मजल्याचा एक मोठा फायदा इथे आहे. वाळवीला वर जायला कॉलमवरून मातीची नळी बांधावीच लागते आणि ती उघड्यावर दिसते. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन सगळे कॉलम फिरायचे, एवढंच काम. चोरवाट एकच राहते: जमिनीतून थेट वर चढलेले वायरिंगचे पाइप. त्यांची तोंडं सीलंटने बंद करायची अट विजेच्या कामात घातली.

२९ जुलै २०२४

पंचगंगेने धोका पातळी ओलांडली. जागेवर खालच्या मजल्याचे कॉलम उभे, भराई अर्धी. पाणी अपेक्षेप्रमाणे नाल्याच्या बाजूने नाही, रस्त्याकडच्या जुन्या चेंबरमधून आलं. ते चेंबर सर्वेक्षणात सुटलं होतं. नकाशात घातलं, त्यालाही झडप.

ओसरल्यावर करायचं: कॉलमच्या सळयांवर चिकटलेला गाळ तारेच्या ब्रशने काढून धुणं. गाळ राहिला तर काँक्रीट सळईला धरत नाही. भिजलेल्या सिमेंटच्या गोण्या बाहेर, त्यांतलं एकही पोतं ‘पेव्हरखाली चालेल’ म्हणून ठेवायचं नाही. भिजलेली मुरूम भराई वरून ३०० मिमी काढून पुन्हा.

५ ऑक्टोबर २०२४

पहिल्या मजल्याचा स्लॅब ओतला, एम ३० प्रतीच्या काँक्रीटचा. कोल्हापूर दालनाच्या वाढीव सळया ओतण्याआधी मोजून फोटो काढले. आरसीसी भिंतीच्या पायाशी एका ठिकाणी मधमाशीच्या पोळ्यासारखी पोकळ जागा निघाली, हातभर. व्हायब्रेटरची सुई तिथे पोचली नव्हती, सळया दाट. तोडून मायक्रो काँक्रीटने भरली.

२१ जानेवारी २०२५

अभ्यासिकेच्या टेबलाचा एक नमुना करून जुन्या वर्गात आठवडाभर ठेवला, विद्यार्थ्यांना वापरायला दिला. १२० जागा, माणशी २५ चौरस फूट. एका जागेतली चूक १२० पट होते.

नमुना: ९०० × ६०० मिमी, उंची ७४०, समोर ४५० मिमी उंच पडदी, पडदीवर एलईडी पट्टी, उजवीकडे दोन प्लग.

काय चुकलं ते असं. पडदी ४५० ची असल्यामुळे पंख्याचा वारा अडला; दुपारी मुलं टेबल सोडून खिडकीशी बसायला लागली. ३५० केली, मान खाली असताना समोरचा दिसत नाही आणि वाराही येतो. लाइटची पट्टी डोळ्यांत जात होती, तिला ४० मिमीची पुढची पट्टी लावली. प्लग टेबलाच्या वर ठेवल्याने पाण्याची बाटली कलंडली की थेट त्यात. खाली, कडेपासून आत घेतले. ६०० खोलीत उघडं पुस्तक, वही आणि प्रश्नसंच एकत्र मावत नाहीत, म्हणून पडदीवर १२० मिमीची अरुंद फळी. आडव्या दांडीवर पाय ठेवल्याने रंग तीन दिवसांत गेला, तिथे आता नुसती स्टीलची नळी, न रंगवता.

टेबलावर उजेड मोजला: वरचे दिवे एकटे ३१० लक्स, पट्टीसह ५२०. पुरेसा.

छताला २५ मिमी वुडवूल बोर्ड (लाकडाच्या तंतूंचा, आवाज शोषणारा), अभ्यासिकेत पूर्ण, पेपरच्या दालनात निम्म्या भागात. पेपरच्या दालनात बोलणं होणारच आणि व्हायला हवं.

१८ एप्रिल २०२५

गच्चीचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर) पूर्ण. मध्यापासून दोन्ही बाजूंना १०.८ मीटर, उतार १:१००, म्हणजे कडेला ५० मिमी आणि मध्ये जवळपास १६०. सरासरी चौ.मी.ला २२० किलो वजन, ते जानेवारी २०२४ च्या हिशोबात धरलेलं होतं. कठड्याच्या कोपऱ्याला ७५ मिमीची गोलाई (वाटा).

पाणी भरून ७२ तासांची चाचणी. चाळिसाव्या तासाला उत्तरेच्या तिसऱ्या पाइपाशी स्लॅबच्या खालच्या अंगाला तळहाताएवढा ओला डाग. खाली पुस्तकांचा मजला नाही, अभ्यासिका आहे. पण गळती ती गळतीच. “कोबा चांगलाय साहेब, पाइपापाशीच वाट काढतंय बघा,” असं मिस्त्रींनी सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. पाइप नंतर बसवला गेला होता आणि भोवतीची फट कोरड्या मालाने कोंबली होती. तिथे ४५० × ४५० मिमी कोबा काढला, पाइपभोवती न आकुंचणारा ग्राउट ओतला, जलरोधक लेप पाइपाच्या आत ५० मिमीपर्यंत वळवला, कोबा परत. बाकीची नऊ तोंडंही उघडून पाहिली. दोन ठिकाणी तसंच. पुन्हा ७२ तास. कोरडं.

३० मे २०२५

पाऊस मे महिन्यातच आला. दक्षिणेच्या बाहेरच्या गिलाव्याचा दुसरा थर राहिलेला.

तीन खिडक्यांच्या आतल्या चौकटीवर ओल. छज्जा ७५० चा, पाऊस थेट येत नाही, तरी ओल. खाली उभं राहून पाहिलं: थेंब छज्जाच्या कडेला येतो, पडत नाही, खालच्या अंगाने चिकटून मागे सरकतो, भिंतीला लागतो आणि चौकटीच्या वरच्या फटीत शिरतो. कडेपासून २० मिमीवर १० मिमीची पाणपट्टी (थेंब तोडणारी खाच) नकाशात होती. गिलावा करताना या तीन छज्जांची खाच मालाने भरून गेली. खाच पुन्हा कोरली. आता थेंब तिथे येतो, अडखळतो आणि खाली पडतो. सगळे छज्जे याच पद्धतीने एकेक पाहिले.

८ जुलै २०२५

रॅकचा नमुना. फळीवर ४० किलो ठेवून दोन दिवस. गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ: २२ गेजची फळी मध्ये ७ मिमी झुकली. २० गेज, खालून मोडलेली पट्टी असलेली, २ मिमी. मर्यादा ५. वीस गेज पक्कं, उभे खांब १८ गेज. सर्वांत खालची फळी जमिनीपासून १५० मिमी वर, म्हणजे फरशी पुसतानाचं पाणी पुस्तकाला लागत नाही. ती मागे थोडी तिरपी, कण्यावरचं नाव उभ्याने वाचता येतं. बाहेरच्या भिंतीला रॅक टेकवायचा नाही, किमान १५० मिमी मागे.

नोंदणीच्या खोलीला बाहेरून स्वतंत्र दार ठेवलं आहे. देणगीची पुस्तकं तिथूनच येतील आणि तपासल्याशिवाय आतल्या दाराने जाणार नाहीत. कसर दिसली तर पुस्तक प्लॅस्टिकमध्ये बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं.

१९ ऑगस्ट २०२५

पुस्तकं आणायची घाई सुरू झाली आहे. इमारत दिसायला तयार, पण नवा गिलावा आणि काँक्रीट महिनोन्‌महिने पाणी सोडत असतात, त्यात पावसाळा. दालनात आर्द्रता ७८ टक्के. ६५ च्या वर बुरशीला वाव मिळतो.

भिंतीवर पाच ठिकाणी दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवलं. सकाळी पाचपैकी चार ठिकाणी प्लॅस्टिकच्या आत बाष्प. पुस्तकं पाऊस संपल्यावरच, असं लेखी कळवलं. तोवर दालनाच्या खिडक्या पावसात बंद, पंखे मंद, दोन डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारी यंत्रं). वाऱ्यासाठी खिडक्या उघड्या ठेवल्या तर बाहेरची ओलच आत येते. दिवसा एसी आणि रात्री बंद ही पद्धतही नको, रात्री गार रॅकवर घाम येतो.

१२ नोव्हेंबर २०२५

आर्द्रता ५४. प्लॅस्टिकच्या पाच जागांपैकी चार कोरड्या, एक अजून ओली: दक्षिण भिंत, दुसरी ओळ.

रॅक जमिनीत बोल्टने, वरून ओळींना जोडणाऱ्या आडव्या चॅनलने एकमेकांना बांधले. पुस्तकं भरण्याचा क्रम ग्रंथपालांना दिला: आधी सगळ्या रॅकच्या खालच्या दोन फळ्या, मग मधल्या, शेवटी वरच्या, एका चौकटीतल्या चारही ओळी बरोबरीने. प्रत्येक फळीचा उजवा पाव भाग रिकामा. रॅम्पवरून ट्रॉलीच्या पहिल्या फेऱ्या झाल्या. दुसऱ्या वळणावर चाक कठड्याला घासतं, तिथली रेलिंग ६० मिमी मागे घ्यायची आहे.

दक्षिणेच्या दुसऱ्या ओळीचे सहा खण रिकामे ठेवले. बाहेरचा छज्जा, पाणपट्टी, खिडकीची कड पुन्हा तपासायची, आणि प्लॅस्टिक पंधरा दिवसांनी परत लावायचं.